आगोटीचा फ्रीजर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या महिला मंडळाने मे महिन्यात भरवलेल्या व्याख्यानमालेतील हे भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आधीच सांगते, आज चहाबरोबर बटाटेवडे आहेत, पण ते भाषणानंतर. त्यामुळे कुणी उठून जाणार नाही अशी माझी खात्री आहे.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला, ‘पावसाळ्यासाठी फ्रीजर कसा भरावा’. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरून डबे द्यायला लागले, म्हणून या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं त्यांचं म्हणणं. असेल बाई. निदान एवढं खरं की फ्रीजर थंड कसा राहतो हे मी फळ्यावर शिकवलंय आणि तो गरम झाला की काय होतं ते स्वयंपाकघरात बघितलंय.

आपल्या अलिबागकडे हा विषय नवा नाही. फ्रीजर नवा आहे, विषय जुना आहे. आपल्या आज्या-पणज्या त्याला आगोट म्हणायच्या. पाऊस तोंडावर आला की जो साठा घरात भरायचा तो आगोट. तांदूळ, वाल, कुळीथ, सुकट, बोंबील, सोडे, पापड, मिरगुंडं, मीठ, चिंच, कोकम, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सरपण. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद, बाजार पातळ, रस्ता कधी तुटेल सांगता येत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंतचं सगळं घरात. माझी सासू म्हणायची, आगोट भरली की पाऊस कितीही पडू दे, आपण खिडकीतून बघायचा.

आता आपण फ्लॅटमध्ये आलो. सरपण ठेवायला पडवी नाही, कांदे टांगायला आढं नाही. त्या जागी काय आलं? फ्रीजर. आणि त्याबरोबर एक नवी पद्धत आली. मुलगा पुण्याला असतो, मुलगी मुंबईला, कुणाची आणखी लांब. ती मे महिन्यात येतात, आंबे खातात, आणि जाताना आई-बाबांचा फ्रीजर गच्च भरून जातात. “आई, आता तुला दोन महिने काळजी नाही.” ही माया खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण मागे आपल्या दोन्ही विंगमध्ये सहज मोजलं, चोवीस फ्लॅटपैकी अकरा फ्लॅटमध्ये फक्त साठीच्या पुढची माणसं राहतात. म्हणजे अकरा फ्रीजर असे आहेत जे एकाने भरले आणि वेळ आल्यावर उघडायचे दुसऱ्याने. माझं आजचं बोलणं त्या अकरा घरांसाठी जरा जास्त आहे.

मुद्दा एकच सांगायचाय. आपल्याकडे वादळ आलं की पहिली जाते ती वीज. आणि फ्रीजर विजेवर चालतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो भरतो, नेमका त्याच दिवशी तो बंद पडतो. हे लक्षात घेऊन जो भरला जातो तो आगोटीचा फ्रीजर. बाकीचा नुसता भरलेला फ्रीजर.

निसर्ग वादळ आपण कुणी विसरलेलो नाही. ३ जून २०२०, बुधवार. दुपारी ते आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने वारा. आपल्या आवारातला तो मोठा आंबा पडला, टाकीवरचा पत्रा उडाला तो कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. विजेचे खांब जिल्ह्याभर काडीसारखे मोडले. आपल्याकडे वीज आली सहाव्या दिवशी रात्री. दक्षिणेकडच्या कित्येक गावांना त्याहून खूप जास्त दिवस अंधारात काढावे लागले. मोबाइलला रेंज नाही, पंप बंद म्हणून वर पाणी नाही, लिफ्ट बंद. त्यात कोरोनाचे दिवस. लॉकडाऊनमुळे घराबाहेर पडायला नको म्हणून प्रत्येक घराने फ्रीजर ठासून भरलेला. कोलंबी, पापलेट, मटण, मटार, बर्गरच्या टिक्क्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आवारात मागच्या बाजूला खड्डा खणून आपण ते सगळं पुरलं. आठवतंय ना? किती पैशाचा माल होता त्याचा हिशेब कुणी केला नाही, पण त्या वासाचा विसर कुणाला पडला नसेल.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातून हाक मारली. त्यांच्याकडे फ्रीज होता, पण त्यात दूध आणि देवाची फुलं एवढंच असायचं. त्यांनी मोठ्या पातेल्यात कुळथाचं पिठलं केलं होतं, बरोबर भात, भाजलेला पापड आणि लसणीची चटणी. तोंडाला रुमाल बांधून, एकेक घर करून, आपापली ताटली घेऊन आपण वर गेलो. सहा घरं जेवली. मला त्यातून जे कळलं ते हे, की आजींचं कुळथाचं पीठ आणि आपली कोलंबी यांत चवीचा प्रश्नच नव्हता. पिठाला वीज लागत नव्हती.

म्हणून काय फ्रीजर टाकून द्यायचा? मुळीच नाही. दर पावसाळ्यात निसर्ग येत नाही. पण दोन-चार तास, कधी रात्रभर वीज जाणं हे आपल्याकडे नेहमीचं. कधी पाणी भरतं, कधी दरड येते, कधी ताप आलेला असतो आणि बाजारात जाववत नाही. २००५ साली २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा घरापासून दोन-तीन स्टेशनं लांब असलेली माणसंही दुसऱ्या दिवशी घरी पोचली. अशा वेळी घरात असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं गरम करून खाता येईल असं काही असणं हा मोठा आधार आहे. फक्त फ्रीजरवर किती दिवसांचा भार टाकायचा ते ठरवून टाकायचा. मी म्हणते, दोन दिवसांचा. त्यापुढचं सगळं कोरड्या डब्यात.

दोन दिवस का, ते सांगते. आता थोडी विज्ञानाची शाळा. शिट्टी वाजवू नका, पाचच मिनिटं.

घरच्या फ्रीजरमध्ये उणे अठरा अंश सेल्सियसच्या आसपास तापमान ठेवायचं असतं. या थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. ऊब मिळाली की उठतात आणि कामाला लागतात. वीज गेली तरी फ्रीजर लगेच गरम होत नाही, कारण आत बर्फ आहे. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापतं. इतकी उष्णता बर्फ निमूटपणे गिळतो आणि तापमान चढू देत नाही. म्हणून गच्च भरलेला फ्रीजर, दार न उघडता, साधारण अठ्ठेचाळीस तास थंड राहतो असं मानतात. अर्धा भरलेला चोवीस तास. खालचा फ्रीज, जिथे दूध आणि भाज्या असतात, तो जेमतेम चार तास. हा झाला पुस्तकी हिशेब. आपल्या बहुतेकांकडे वर लहानसा कप्पा असलेला फ्रीज आहे, आणि बाहेर कोकणातला जूनचा उकाडा. म्हणून मी स्वतः लहान कप्प्याला एकच दिवस धरते आणि ज्यांच्याकडे वेगळा मोठा फ्रीजर आहे त्यांना दोन.

यातून पहिली युक्ती निघते आणि तिला एक पैसा खर्च नाही. फ्रीजरमध्ये रिकामी जागा ठेवू नका. जिथे जागा आहे तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. बाटली पाऊण भरा, कारण पाणी गोठताना फुगतं, जवळजवळ नऊ टक्के. काठोकाठ भरलेली बाटली तडकते, आणि काचेची तर बिलकुल ठेवू नका. वीज गेली की याच बाटल्या फ्रीजर थंड ठेवतात, आणि वितळल्या की पंप बंद असताना तेच प्यायचं पाणी होतं. मुलांना एवढं एक काम दिलंत तरी चालेल.

आता भरायचं काय. हिशेब सोपा आहे. दोन माणसं, दोन वेळा, दोन दिवस, म्हणजे आठ जणांपुरतं जेवण. वादळासाठी याच्यावर एक पुडीही नको. आणि प्रत्येक पदार्थ या चाळणीतून गाळून घ्यायचा: गॅसवर होईल का? मिक्सर लागेल का? पाणी किती लागेल? भांडी किती पडतील? मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन विजेबरोबरच गेलेले असतात. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, ओव्हन नाही. आणि वर पाणी चढत नसताना चार पातेली घासायची कुणी?

माझ्या कप्प्यात काय असतं ते सांगते.

एक, सोललेलं वालाचं बिरडं. वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात घालून सोला, यात दोन दिवस आणि चार नखं जातात. हे काम मेमध्ये चार जणींनी गप्पा मारत एकत्र बसून केलं तर मजेत होतं. निथळून, एका जेवणापुरत्या पुड्या करून गोठवायचं. काढल्यावर थेट फोडणीत. गरमागरम बिरडं आणि भात, बाहेर पाऊस, आणखी काय पाहिजे?

दोन, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. बर्फाच्या साच्यात भरायचं, गोठलं की वड्या पिशवीत काढायच्या. दोन वड्या म्हणजे दोन माणसांची आमटी. वीज गेली की मिक्सर गेला, आणि पाटा-वरवंटा आता कुणाकडे आहे? खवलेला ओला नारळही असाच.

तीन, शिजवलेली घट्ट डाळ. फोडणी न देता. गरम करताना पाणी आणि फोडणी. शिजवलेले छोले, राजमा, चवळी हेही उत्तम राहतात. यांना कुकरच्या सात शिट्ट्या लागतात, त्या आधीच झालेल्या असल्या की गॅस वाचतो.

चार, पोळ्या. अर्धवट भाजायच्या, पूर्ण गार करायच्या, दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर. काढली की सरळ तव्यावर. तांदळाच्या भाकरीच्या मात्र नादी लागू नका, ती कातडं होते.

पाच, इडल्या. पाच-सात मिनिटं वाफवल्या की ताज्यासारख्या. दात नसलेल्यांनाही चालतात, आणि लेकरांनाही.

सहा, मऊ मुगाची खिचडी, एकेका वाटीच्या पुड्यांत. ज्याला बरं नाही त्याच्यासाठी.

सात, आमरस. हा काही गरजेचा नाही. पण जुलैत वीज गेलेली असताना घरात आमरस निघाला तर माणसांच्या चेहऱ्यावर वीज येते.

मासे? ठेवा, पण एका जेवणापुरते, साफ करून, पाणी निथळून. त्याहून जास्त ठेवलेत तर तुम्ही पावसाळ्याची बेगमी करत नाही, खड्ड्याची करता.

आता नको त्या गोष्टी. बटाट्याची रस्साभाजी, बटाटा भुसभुशीत होतो आणि रस्सा पाणचट. कढी आणि दह्यातल्या कोशिंबिरी फुटतात. काकडी, टोमॅटोच्या फोडींचा लगदा होतो. उकडलेल्या अंड्याचं पांढरं रबर होतं. तळलेले वडे ठेवू नका, ते आज इथेच संपवा.

ठेवायची पद्धत पदार्थाइतकीच महत्त्वाची. गरम पातेलं उचलून फ्रीजरमध्ये ढकलायचं नाही, आणि रात्रभर ओट्यावर निवत ठेवायचंही नाही. परातीत पसरा, पंख्याखाली निववा, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत आत टाका. भाताच्या बाबतीत हे फार सांभाळा. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढतात आणि त्यांनी केलेलं विष परत उकळूनही जात नाही. “चांगला कडकडीत गरम केला होता हो” हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही.

पुडी चपटी करा, पाटीसारखी. मग त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात, हवी ती पटकन निघते आणि लवकर वितळते. फुटबॉलएवढा गोळा गोठवलात तर तो फोडायला बत्ता लागेल. पिशवीवर आधी लिहा, मग भरा, कारण ओल्या पिशवीवर मार्कर उठत नाही. काय आहे, कधीचं आहे, किती जणांचं आहे. मोठ्या अक्षरात, मराठीत. आणि हात जोडून सांगते, श्रीखंडाच्या डब्यात वाटण ठेवू नका. माझा नातू एकदा श्रीखंड म्हणून चमचा मारून बसला, तेव्हापासून आमच्या घरचा डब्यांवरचा विश्वास उडालाय.

मुलं आई-बाबांसाठी भरणार असतील तर त्यांना आणखी सांगते. बाबांना खाली वाकता येतं का, आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत का, हे बघून पुड्या लावा. गाठ मारू नका, रबरबँड लावा. आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला यादी चिकटवा: काय, किती, कुठे. खाल्लं की खूण करायची. यादी बाहेर असली की आत काय आहे बघायला दार उघडावं लागत नाही. वीज गेल्यावर दर वेळी उघडलेलं दार म्हणजे बाहेर सोडलेली थंडी.

आता वीज गेली. काय करायचं?

पहिलं, फ्रीजचं बटण बंद करून पिन काढा. वीज येते तेव्हा आधी धडधड करत, कमी-जास्त दाबाने येते आणि त्यात फ्रीज जळतात. आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मग चालू करा.

दुसरं, जेवणाचा क्रम. आधी खालच्या फ्रीजमधलं संपवा. दूध उकळा आणि प्या, उरलेली भाजी खा. त्यानंतर फ्रीजर. त्यानंतर कोरडे डबे. आपण बहुतेक उलट करतो, घाबरून आधी पोह्यांचा डबा उघडतो आणि दूध नासतं.

तिसरं, फ्रीजर एकदाच उघडायचा. जेवायच्या आधी, यादी बघून, दोन्ही वेळचं एकदम काढायचं आणि दार लावायचं.

आणि वीज परत आल्यावर? पुडीत अजून बर्फाचे कण लागत असतील तर ती परत गोठवायला हरकत नाही, चवीत थोडा फरक पडेल एवढंच. पूर्ण मऊ झालेलं आणि गार लागत असलेलं लगेच शिजवून त्याच जेवणात संपवा. कोमट होऊन दोन तासांवर गेलेलं शिजवलेलं अन्न, मासे, मटण टाकून द्या. वास घेऊन ठरवू नका. बाधणाऱ्या अन्नाला वास येतोच असं नाही. आपल्या पिढीला अन्न टाकताना जीव वर-खाली होतो, मला ठाऊक आहे. पण वादळात रस्त्यावर झाडं पडलेली असताना सत्तरीच्या माणसाला जुलाब-उलट्या लागल्या तर दवाखान्यात न्यायचं कसं, एवढं डोळ्यांसमोर आणा.

गावाला गेलेल्यांसाठी एक युक्ती. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी परत फ्रीजरमध्ये ठेवून जा. आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मागे वीज बराच वेळ गेली होती, सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं. मग बाकीचं उघडून बघूसुद्धा नका.

आता कोरडी आगोट. यावर फार बोलत नाही, कारण हे तुम्ही मला शिकवाल. कुळथाचं पीठ, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, पोहे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर, पापड, लोणचं, सुकट, बोंबील, कोकमाचं आगळ. आठ दिवसांचं. चुलीची जागा आता सिलिंडरने घेतली आहे, तेव्हा दुसरा सिलिंडर मे अखेरीला भरलेला हवा. काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत. आणि हे सगळं जूनची वाट न बघता. तौक्ते वादळ २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळून गेलं ते १७ मेला. वादळं पंचांग बघून येत नाहीत.

शेवटचा भाग सोसायटीचा. आपण पंचवीस वर्षं एका छपराखाली आहोत, सगळ्यांचं मेंटेनन्सचं बिल एका तारखेला निघतं, पण चोवीस फ्रीजर चोवीस वेगवेगळ्या बेटांसारखे आहेत. निसर्गच्या वेळी चोवीस घरांची कोलंबी एकाच दिवशी वितळली. पहिल्या संध्याकाळी चार घरांचं काढून सगळ्यांनी जेवलं असतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चार घरांचं, तर बराच माल पोटात गेला असता. त्या वेळी साथीमुळे ते शक्य नव्हतं. आता आहे. म्हणून मी कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, जिन्यावार यादी. प्रत्येक जिन्यात कोण एकटं राहतं, कुणाला पायऱ्या जमत नाहीत, कुणाकडे मोठा फ्रीजर आहे, कुणाकडे जास्तीचा सिलिंडर आहे. ही यादी नोटीस बोर्डावर लावायची नाही, घरातल्या गोष्टी आहेत त्या. जिन्यातल्या दोन जबाबदार माणसांकडे कागदावर राहू दे. मोबाइलमध्ये नको, मोबाइल वादळात पहिल्या रात्री झोपतो.

दुसरी, औषधं. आपल्याकडे इन्सुलिन घेणारी पाच माणसं तरी मला माहीत आहेत. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, पण गोठलेलं वापरायचं नसतं. म्हणून घाईघाईने ते बर्फाला चिकटवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. वीज गेल्यावर काय करायचं हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना आत्ताच, मेमध्ये विचारून कागदावर लिहून घ्यावं. आणि सोसायटीचा जो जनरेटर लिफ्टसाठी घ्यायचं चाललंय, त्यावर ऑफिसमधल्या एका लहान फ्रीजसाठी एक प्लग द्यावा. औषधांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या दुधासाठी. कोल्डड्रिंकसाठी नव्हे, हे नियमात लिहून ठेवा, नाहीतर सांगायला नको.

तिसरी सूचना खर्चाची नाही. दर वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये आगोटीचा दिवस करायचा. वाल सोलायला बसायचं. ज्याला जे येतं ते त्याने करायचं. पोळ्या लाटणारे लाटतील, पुरुष मंडळी बाटल्या भरतील आणि पुड्यांवर नावं लिहितील, अक्षर चांगलं असेल तर. संध्याकाळी त्या अकरा घरांत प्रत्येकी आठ पुड्या आणि एक यादी पोचती करायची. वर कुळथाच्या पिठाचा एक डबा. ज्यांची मुलं येऊन भरून जातात त्यांनाही द्यायचा, कारण डबा पोचवायला गेलं की दार उघडतं, दोन शब्द होतात, आणि कुणाचा गुडघा सुजलाय, कुणाचा मुलगा या वर्षी येऊ शकला नाही, ते कळतं. वादळाच्या दिवशी जिना चढून कुणाकडे आधी जायचं हे त्यातून आपोआप ठरतं.

पिठल्याच्या त्या आजी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या घरात आता नवं जोडपं राहायला आलंय, दोघंही नोकरीला जाणारी, साडेतीनशे लिटरचा दोन दारांचा फ्रीज असलेली. मघाशी ती सून मला विचारत होती, “काकू, कुळथाचं पीठ मिळतं कुठे?” मी म्हटलं, भाषण झालं की सांगते. पेणच्या रस्त्याला, बाजारातही मिळतं, पण सगळ्यात चांगलं आपल्याच ए विंगमध्ये तळमजल्यावर भाजून-दळून मिळतं. बाईंचं नाव घेत नाही, त्या लाजतील. त्या हॉलमध्येच बसल्या आहेत, वड्यांच्या टेबलाजवळ.

 वडे गार होतायत, आणि ते गोठवता येत नाहीत हे तुम्हाला आता माहीत आहे. चला.